चौथ्या खुर्चीची हजेरी

प्रौढांच्या इंग्रजी वर्गाचा नियम साधा होता. पटावर बारा माणसं हवीत, आणि सलग तीन दिवस हजेरी बाराच्या खाली जाता कामा नये. गेली, की वर्ग बंद. बाराच का, दहा का नाहीत, हे कार्यालयात कोणालाच ठाऊक नव्हतं. पण जो नियम कोणी केला ते ठाऊक नसतं, तो कोणी मोडायचा हेही ठाऊक नसतं. म्हणून असे नियम फार टिकतात.

वर्ग भरायचा दुपारी तीन ते साडेचार, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर. बारा खुर्च्या, सहा-सहाच्या दोन रांगा, एकीमागे एक. एक फळा, ज्याच्या डाव्या कोपऱ्यात खडू उठत नसे. दाराला वरच्या अर्ध्यात दुधी काच. शिकवणाऱ्या बाईंनी तीस वर्षं टेलिफोन डिरेक्टरीची प्रुफं तपासली होती. लाखभर लोकांची नावं बिनचूक करून झाली आणि डिरेक्टरीच बंद पडली. त्यानंतर बाईंना दिवसातून दीड तास एवढंच आयुष्य उरलं होतं, आणि ते या खोलीत होतं.

विद्यार्थी सगळे कामकरी. दवाखान्यातल्या ताईला आयाच्या जागेवर कायम व्हायचं होतं, त्यासाठी वर्गाचा दाखला लागत होता. वेल्डरला मोठ्या कारखान्यात जायचं होतं, तिथंही दाखला. वॉचमनदादांना गेटवर आलेल्या गाड्यांची नोंद इंग्रजीत करायचा हुकूम आला होता आणि त्यांनी पहिल्याच दिवशी एका टँकरची नोंद अशी केली होती की मालकाला तो प्राणी वाटला. प्रत्येकाचं काही ना काही अडलेलं. फक्त इस्त्रीमावशीचं कारण वेगळं. ती म्हणाली, "शर्टाच्या गळ्याशी आतून काहीतरी लिहिलेलं असतं. चाळीस वर्षं त्यावरून इस्त्री फिरवतेय. काय लिहिलंय ते बघायचंय एकदा."

एवढंच बोलली. त्यानंतर वर्गात तिचा आवाज फारसा कोणी ऐकला नाही.

स्पेलिंग पाठ करून येत नाही, अंगात मुरावं लागतं, असं बाईंचं मत. म्हणून त्या खेळ खेळायला लावत. गळ्यात अक्षरांच्या पाट्या अडकवून माणसांनीच शब्द म्हणून ओळीनं उभं राहायचं. धावत जाऊन फळ्यावर एकेकानं एकेक अक्षर लिहायचं. यात बसड्रायव्हर अण्णा एकदा असे आपटले की दोन दिवस त्यांची बस दुसऱ्यानं चालवली. चाकूच्या शब्दात के लिहायचा पण म्हणायचा नाही, हे कळल्यावर वॉचमनदादा म्हणाले, "बोलायचं नाही तर आलाच कशाला मग?"

"हजेरी लावायला," बाई म्हणाल्या.

पण सगळ्यांचा आवडता खेळ म्हणजे पाठीवरचं अक्षर. रांगेत सर्वांत मागच्याला बाई चिठ्ठीवर एक शब्द दाखवत. त्यानं पुढच्याच्या पाठीवर बोटानं एक अक्षर गिरवायचं, पुढच्यानं त्याच्या पुढच्याच्या, असं करत अक्षर पहिल्या खुर्चीपर्यंत जायचं आणि पहिला ते फळ्यावर लिहायचा. मग दुसरं अक्षर. तोंडातून शब्द काढायचा नाही. ज्या रांगेचा शब्द आधी आणि बरोबर, ती रांग जिंकली. खिडकीकडच्या रांगेत सर्वांत मागं बेकरीवाला, मग वॉचमनदादा, चौथ्या खुर्चीवर इस्त्रीमावशी, तिच्यापुढं वेल्डर, मग दवाखान्यातली ताई आणि सर्वांत पुढं शिलाईकाकू. दाराकडच्या रांगेचे कप्तान ड्रायव्हर अण्णा.

तिसऱ्या आठवड्यात इस्त्रीमावशी यायची थांबली.

पहिल्या दिवशी बाईंनी गैरहजेरी मांडली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी पेन तिच्या नावासमोर आलं आणि थांबलं. वर्गात अकरा जण मान खाली घालून नवीन शब्द उतरवत होते. दवाखान्यातली ताई जिभेचं टोक बाहेर काढून लिहीत होती. बाईंनी आयुष्यात चूक दुरुस्त केली होती, चूक केली नव्हती. त्यांनी इस्त्रीमावशीच्या नावापुढं लिहिलं, हजर.

मग नेहमीसारखा खेळ सुरू झाला. बेकरीवाल्यानं वॉचमनदादांच्या पाठीवर अक्षर काढलं आणि वॉचमनदादा बोट उचलून तसेच बसले.

"बाई, पुढं कोणी नाही. लिहू कुठं?"

एकदा हजर लिहिलं की हजर, असं काहीतरी बाईंच्या डोक्यात आलं असावं. त्या म्हणाल्या, "खुर्चीच्या पाठीवर लिहा."

"लिहितो की. वीस वर्षं रिकाम्या इमारतीला सलाम ठोकतोय, रिकामी खुर्ची काय जड आहे?" असं म्हणून दादांनी खुर्चीच्या लाकडी पाठीवर झोकात अक्षर काढलं.

पुढं बसलेला वेल्डर ताठ झाला. त्यानं मान वळवली नाही. खेळात मान वळवायची बंदी होती. त्यानं ताईच्या पाठीवर अक्षर लिहिलं, ताईनं काकूंच्या, आणि शिलाईकाकूंनी फळ्यावर. असं पाच वेळा झालं. फळ्यावर शब्द बरोबर आला.

"ऐकू आला असेल," दाराकडच्या रांगेतून अण्णा म्हणाले. "हे कुजबुजतात, बाई."

"कोणी कुजबुजलं नाही," वेल्डर म्हणाला. तो पाठ चोळत होता. "कोणीतरी लिहिलं. बोट गरम होतं."

वर्ग हसला. वेल्डरच्या पाठीला गरम लागलं तर नवल काय, असं कोणीतरी म्हणालं. बाईही हसल्या आणि त्यांनी फळा पुसला. जरा जास्त वेळ पुसला.

पुढचे चार आठवडे असंच चाललं. बाई तीन वाजता इस्त्रीमावशीची हजेरी मांडत आणि सव्वातीनला चौथ्या खुर्चीतून अक्षरं पार होत. सुरुवातीला वेल्डर खुर्ची पुढं सरकवून बसायचा. मग त्याला सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते. फक्त इंग्रजी स्पेलिंगची व्हायला वेळ लागतो. खिडकीकडची रांग आता रोज जिंकत होती, कारण चौथ्या खुर्चीकडून अक्षर कधी चुकत नव्हतं. उलट, एकदा बेकरीवाल्यानं आय आणि ईची अदलाबदल केली, ती तिथं येऊन दुरुस्त झाली. अण्णांनी रीतसर तक्रार केली.

"त्यांच्यात एक माणूस जास्त आहे."

"जास्त नाही अण्णा, कमी आहे," बाई म्हणाल्या.

"मग आमच्यातला एक कमी करा. आम्हालाही जिंकू द्या."

सातव्या आठवड्यात शिलाईकाकू शिवलेले ब्लाऊज इस्त्रीला टाकायला मुद्दाम मावशीच्या टपरीवर गेल्या आणि वर्गाला उशिरा आल्या. आल्या त्या जागेवर न बसता फळ्यापाशीच उभ्या राहिल्या.

"टपरीवर दुसरंच कोणीतरी आहे," त्या म्हणाल्या. "मावशी वारली म्हणे. तिसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी. उभ्याउभ्या गेली. हातात इस्त्री होती."

 मंगळवार म्हणजे ती पहिल्यांदा आली नाही तो दिवस. सगळ्यांचे डोळे आधी चौथ्या खुर्चीकडं गेले आणि मग बाईंच्या टेबलावरच्या हजेरीपटाकडं. वेल्डर उठून भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

"बाई," वॉचमनदादा हळूच म्हणाले, "तुम्ही तिला रोज हजर मांडता?"

बाईंनी मान हलवली.

"मग येणारच की ती बिचारी. हजेरी म्हणजे बोलावणंच असतं. मी रात्रपाळीच्या वहीत सही केली की झोपलो तरी कामावरच असतो."

बाई प्रुफं तपासणाऱ्या. शंका आली की पडताळा पाहायचा, ही सवय हाडीमाशी खिळलेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी पट उघडलाच नाही, आधी खेळ घेतला. दादांनी खुर्चीवर अक्षर काढलं. वेल्डर डोळे मिटून बसला होता.

"काही नाही," तो म्हणाला.

दादांनी पुन्हा काढलं. काही नाही. मग ताईनं दाराकडं बोट दाखवलं. दाराच्या दुधी काचेवर बाहेरच्या बाजूनं वाफ धरली होती, तोंडाच्या उंचीवर, ताटलीएवढी. ती विरायची आणि परत धरायची. कोणीतरी काचेशी तोंड नेऊन उभं असावं तशी. अण्णा दाराला सर्वांत जवळ. ते उठले आणि रांग ओलांडून खिडकीकडं आले. त्यानंतर त्यांनी त्या रांगेविरुद्ध तक्रार केली नाही.

बाईंनी पट उघडला. अक्षर नेहमीसारखं वळणदार आलं. हजर. काचेवरची वाफ गेली. वेल्डर एकदम म्हणाला, "एम. एम लिहितेय."

त्या दिवशी बाईंनी वर्गापुढं सगळं मांडलं. नाव कमी केलं तर अकरा राहतात. अकरा राहिले तर परीक्षेच्या पाच आठवडे आधी वर्ग बंद. वर्ग बंद तर दाखला नाही. "आणि नाव ठेवलं तर खोटं बोलल्यासारखं होतं," बाई म्हणाल्या. "मेलेल्या माणसाला राबवल्यासारखं होतं."

"तिची तक्रार आहे का?" काकूंनी विचारलं.

"तिला विचारायचं कसं?"

"मागच्या महिन्यात तिला आठ शब्द येत नव्हते, आता येतात," वॉचमनदादा म्हणाले. "मी मागंच बसतो, मला कळतं. शिकतेय ती. मेल्यावर माणसाला सवड मिळते."

 ताईनं आपली वही छातीशी धरली होती. बाईंनी त्या वहीकडं पाहिलं आणि नाव ठेवलं.

एक चूक पचली की दुसरी सोपी जाते. नवव्या आठवड्यात वेल्डरला दुसऱ्या गावी पुलाच्या कामावर जावं लागलं, बारा दिवसांसाठी. परीक्षेला नक्की येतो म्हणाला. पहिल्याच दिवशी हजेरी अकरावर आली, आणि बाईंनी फार विचार न करता त्याच्याही नावापुढं हजर लिहिलं. जिवंत माणूस, परत येणार आहे, यात पाप ते काय.

त्या दुपारी एकामागे एक अशा दोन रिकाम्या खुर्च्यांमधून अक्षरं पार झाली. आता ती ताईच्या पाठीवर उतरत होती. खेळ संपल्यावर ताई बाईंच्या जवळ आली.

"बाई, हे मावशीचं बोट नाही. हे खरखरीत आहे. आणि करपल्याचा वास येतो."

"होईल सवय," बाई म्हणाल्या, आणि आपण काय बोललो ते मग त्यांनाच ऐकू आलं.

सात दिवसांनी, बुधवारी, वर्ग भरायच्या आधीच एक बाई जिना चढून आली. वेल्डरची थोरली बहीण. तिला दम लागला होता, पण बसायला खुर्ची दिली तर ती बसेना.

"तुम्ही माझ्या भावाला काय शिकवलंय?" ती म्हणाली. "कामावरून फोन आला. रोज तीन वाजले की तो असतो तिथं थांबतो. डोळे उघडे, हाक मारली तर ओ नाही. उजवं बोट हवेत काहीतरी गिरवत राहतं. साडेचारला शुद्धीवर येतो आणि म्हणतो, वर्गात गेलो होतो. काल वर चढलेला असताना झालं. साखळी बांधलेली होती म्हणून लटकला, नाहीतर खाली नदी आहे."

बाईंनी घड्याळ पाहिलं. तीनला चार मिनिटं होती.

"आज कुठं आहे तो?"

"कुठं म्हणजे? वरच असेल. काम आहे त्याचं."

बाईंनी पट ओढला. त्यांनी वेल्डरच्या नावापुढं त्या दिवसाच्या रकान्यात मोठ्या अक्षरात लिहिलं, गैरहजर. मग मागचे सहा दिवस एकेक करून खोडले आणि प्रत्येकावर तेच लिहिलं. प्रुफावर खाडाखोड करताना बाजूला सही करतात तशी सहीही केली. साडेतीनला बहिणीनं भावाला फोन लावला. तो उचलला गेला. पलीकडून वेल्डर वैतागून म्हणत होता, "अगं ताई, कामात आहे ना मी. आत्ता काय?"

बहीण मटकन खुर्चीवर बसली. ती नेमकी चौथी खुर्ची होती. लगेच उठली आणि म्हणाली, "ऊन पडतं का हो इथं? तापलीय."

आता हिशेब उघड होता. मागचे सहा दिवस बाईंनी स्वतःच्या हातानं खोटे ठरवले होते. कार्यालयानं पट पाहिला तर वर्ग संपला. आणि कार्यालयाला नेमकी तेव्हाच जाग येते. शुक्रवारी पावणेतीनला तपासनीस साहेब आले. धिप्पाड गृहस्थ, हातात फाइल, चेहऱ्यावर दुपारच्या जेवणाचं समाधान.

"बाई, पट पाहू नंतर," ते म्हणाले. "आधी माणसं मोजू. पट काय, कागद असतो."

त्यांनी दारातून मोजलं. दहा. फाइल उघडली.

"दहाच दिसतात."

"साहेब, खेळ बघा आधी," शिलाईकाकू म्हणाल्या. काकूंनी आयुष्यभर गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंतवून मापं घेतली होती. "तुमच्यासारखा माणूस रांगेत बसला तर आम्हालाही हुरूप येईल. ही तिसरी खुर्ची मोकळीच आहे."

"मला स्पेलिंग येतं," साहेब म्हणाले.

"म्हणूनच तर म्हणते."

साहेबांना हे पटलं. ते वेल्डरच्या खुर्चीवर बसले, खुर्ची करकरली. बाईंनी हजेरी पुरी केली. इस्त्रीमावशीच्या नावापुढं हजर लिहिताना त्या क्षणभर थांबल्या, कारण मागं बसलेल्या माणसापेक्षा पुढं बसलेल्या माणसाची त्यांना पहिल्यांदाच काळजी वाटत होती. मग बेकरीवाल्याला चिठ्ठी दाखवली.

दादांनी खुर्चीच्या पाठीवर अक्षर काढलं. साहेबांच्या चेहऱ्यावरचं जेवणाचं समाधान हळूहळू उतरलं. त्यांनी मान वळवायला सुरुवात केली.

"मान वळवायची नाही, साहेब," अण्णा पलीकडच्या रांगेतून म्हणाले. "नियम आहे."

नियम म्हटल्यावर साहेब थांबले. त्यांनी ताईच्या पाठीवर बोट टेकवलं आणि अक्षर लिहिलं. नऊ अक्षरांचा शब्द होता. नऊ वेळा साहेबांच्या पाठीवर काहीतरी उमटलं आणि नऊ वेळा त्यांनी ते पुढं धाडलं. सातव्या अक्षराला ते चुकले असावेत, कारण तेच अक्षर त्यांच्या पाठीवर पुन्हा, जरा जोर देऊन लिहिलं गेलं. साहेबांची पाठ आक्रसताना सगळ्यांनी पाहिली. फळ्यावर शब्द बरोबर आला.

साहेब उठले. रुमालानं मान पुसली. फाइल उघडली, आणि उभ्याउभ्या रांगा मोजल्या. दाराकडची सहा. खिडकीकडची त्यांनी बोट न दाखवता मोजली, फक्त ओठ हलवत.

"दोन्ही रांगा भरलेल्या," ते म्हणाले. "बारा." आणि तसं लिहून सही केली. दारापर्यंत जाऊन ते वळले, पण बाईंकडं पाहिलं नाही.

"माझ्या मागच्या बाई," ते म्हणाले, "फार गरम हाताच्या आहेत. ताप असेल तर घरी पाठवा त्यांना."

जिन्यावर त्यांच्या बुटांचा आवाज आधी सावकाश आला आणि मग भराभर.

वर्ग वाचला. सोमवारी वेल्डर आला, बहिणीनं दारापर्यंत सोडला. पण बाईंच्या डोक्यात साहेबांचं ते एक वाक्य रुतून बसलं होतं. घरी पाठवा. कुठल्या घरी? पट मिटला की वर्ग संपणार, आणि मग मावशीनं जायचं कुठं? हजर लिहिलं तर ती खुर्चीत. नाही लिहिलं तर दाराबाहेर, काचेला तोंड लावून. बाईंनी तिला आणलं होतं, आणि परत पाठवायचा शब्द त्यांच्या पटात नव्हता.

"तिसरं काही नसतं का पटात?" वॉचमनदादांनी विचारलं. "हजर, गैरहजर, आणि?"

बाईंनी विचार केला. "उत्तीर्ण," त्या म्हणाल्या. "उत्तीर्ण झालेल्याला पुन्हा यावं लागत नाही."

"मग करा की पास तिला."

"करा म्हणजे?" बाईंचा आवाज चढला. "परीक्षा न घेता?"

परीक्षा बाईंनीच घ्यायची आणि निकाल कार्यालयाला कळवायचा, अशी पद्धत होती. वीस शब्द, पंधरा बरोबर आले की पास. शेवटच्या शनिवारी दुपारी अकरा जणांनी पेपर दिले. ताईनं अठरा बरोबर लिहिले आणि आपलाच पेपर परत परत वाचला. सगळे खाली जाऊन थांबले. वर कोणी राहायचं नाही, असं बाईंनी बजावलं होतं. पण दादा जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून राहिले. राखण हा त्यांचा धंदाच होता.

बाईंनी पटावर मावशीची हजेरी मांडली, गुडघ्यावर कोरा कागद ठेवला आणि त्या तिसऱ्या खुर्चीवर बसल्या, फळ्याकडं तोंड करून. चौथ्या खुर्चीला पाठ. त्यांच्या लक्षात आलं की आपल्या पाठीवर हा खेळ आजवर कोणी खेळलंच नाही. त्यांनी पहिला शब्द मोठ्यानं उच्चारला.

खांद्यांच्या मध्ये ऊब आली. मग बोट टेकलं. वेल्डर म्हणाला होता तसंच, गरम. इस्त्रीवर पाणी शिंपडून ती तापलीय का ते पाहणाऱ्या माणसाचं. अक्षरं मोठी, सावकाश, शेवटी किंचित दाबलेली. बाईंच्या अंगावर काटा आला आणि तो काटा मोडत बोट पुढं गेलं. बरोबर. बाईंनी कागदावर खूण केली. दुसरा शब्द. बरोबर. तिसरा चुकला.

बाई फुली मारताना म्हणाल्या, "चूक." त्यांचा आवाज कापला नाही. मेलेल्या माणसाला वाढीव गुण देण्याची तरतूद नव्हती.

पंधरा शब्द झाले तेव्हा अकरा बरोबर होते. सोळावा बरोबर. सतरावा चुकला, एका अक्षरानं, आणि बाईंना जाणवलं की बोट पाठीवरच थांबलंय, थरथरतंय. आता उरलेले तिन्ही यायला हवेत. खोलीत इस्त्रीखालच्या ओल्या कपड्याचा वास भरला होता. अठरावा आला. एकोणिसावा आला.

विसावा शब्द होता कात्रीचा. बाईंनीच पेपर काढला होता; दुसऱ्या कोणी काढला असता तर त्यांनी त्याला शिव्या दिल्या असत्या.

एस. सी. आय. एस. आणि बोट उचललं गेलं.

बाई ताठ बसून राहिल्या. नुसतं खाकरलं असतं, पाठ जराशी हलवली असती, तरी मागच्याला कळलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. तीस वर्षांत त्यांनी कोणाचं नाव चुकीचं छापू दिलं नव्हतं आणि चुकीचं पास होऊ देणार नव्हत्या. पण त्यांचे ओठ पांढरे पडले होते. पाठीवर काहीच नव्हतं. खाली जिन्यात दादा खोकले. काचेकडं पाहायचा बाईंना धीर झाला नाही.

मग बोट पुन्हा टेकलं. एस. थोड्या वेळानं ओ. आर. शेवटचा एस भराभर आला, जणू आता खात्री पटली.

"पंधरा," बाई म्हणाल्या. त्या उठल्या नाहीत. बसल्याबसल्या पट मांडीवर घेतला, आणि इस्त्रीमावशीच्या नावापुढं शेवटच्या रकान्यात लिहिलं, उत्तीर्ण. बाजूला सही केली. "झालं मावशी. जा आता तुम्ही. उद्या यायचं नाही."

पाठीवर पूर्ण तळवा टेकला. मानेपासून खालपर्यंत तो एकदाच, संथपणे फिरला, सुरकुती काढावी तसा, आणि उचलला गेला. बाई पाठ गार पडेपर्यंत तिथंच बसल्या. त्याला बराच वेळ लागला.

पंधरा दिवसांनी कार्यालयाचं पत्र आलं, तपासनीस साहेबांच्या सहीचं. त्यात लिहिलं होतं: आपल्या वर्गाचे उत्तरपेपर अकरा प्राप्त झाले, उत्तीर्णांची नावं बारा आहेत, तरी बाराव्या विद्यार्थिनीच्या परीक्षेबाबत लेखी खुलासा करावा.

बाईंनी त्याच पत्राच्या पाठीमागं वळणदार अक्षरात उत्तर लिहिलं, दोनदा तपासलं आणि टपालात टाकलं. "सदर विद्यार्थिनीचं स्पेलिंग चांगलं आहे. खात्री स्वतः साहेबांनी केलेली आहे. शंका असल्यास त्यांच्या पाठीला विचारावं."

त्यावर कार्यालयाचं काहीच आलं नाही. दाखले मात्र आले. बारा.